मी वाजवून घेतलेलं हेल्मेट

मी अत्यंत शांत स्वभावाची बाई आहे. हे मी आजवर ज्यांना ज्यांना ओरडून सांगितलं, त्या सगळ्यांनी ते ताबडतोब मान्य केलेलं आहे.

भातकुलीकडच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोप समारंभ इतक्या उत्साहानं केला, की मला संशयच आला. तेव्हापासून अमरावतीला घरी असते. घरात मी आणि आमचे हे. हे कोर्टात कारकून होते. आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय लागलेली, त्यामुळे स्वतःची बाजू म्हणून काही उरलेलीच नाही. तेही मला चालतं. पण गेल्या मे महिन्यात एका हेल्मेटपायी मी जी चिडले, ती दुकानदारावर चिडले, ह्यांच्यावर चिडले, एसटीवर चिडले, अकोल्याच्या उन्हावर चिडले, आणि शेवटी पाहते तो काय, चूक माझीच! आणि चूक माझी निघाली, की मला फारच राग येतो.

झालं असं, की शुक्रवारी दुपारी मुक्ताचा फोन आला. मुक्ता म्हणजे आमची एकुलती एक लेक. सिव्हिल इंजिनिअर. अकोल्याला एका चार मजली इमारतीच्या कामावर नुकतीच लागलेली. फोनवर आवाज रडवेला. (ही पोरगी दहावीच्या निकालालाही रडली नव्हती, आणि तेव्हा रडण्यासारखं होतं!)

"आई, सोमवारी स्लॅब आहे अन् मले वर जाऊ देत नाहीत."

"काहून? तुले काय शेपूट फुटलं?"

"हेल्मेट बसत नाही ना! कंपनीतली सगळी मोठ्या मापाची. खाली वाकलं की डोळ्यावर येते, वर पाहिलं की मागे पडते. परवा जिन्यातून खाली पडलं, गवंड्याच्या पायाशी. सेफ्टीचे साहेब म्हणाले, नीट बसणारं हेल्मेट असल्याशिवाय वर यायचं नाही. बरोबर आहे त्यांचं. पण मोठे साहेब म्हणतात, नवीन माल महिन्यानं येईल, तोवर मॅडम तुम्ही ऑफिसातच बसा. कागदं पाहा. वर धूळ असते."

"धूळ असते? मंग स्लॅब काय देवघरात टाकतात का?"

"ऐक तर. माझ्याआधी एक मॅडम होती. तिलेही असंच 'थोडे दिवस' बसवलं. दोन वर्षं कागदं पाहिली तिनं अन् नोकरी सोडून गेली. आई, सोमवारी मी वर गेली नाही, तर मी कधीच वर जात नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग आला की माझी शाळेतली मराठी गळून पडते आणि खालची वऱ्हाडी वर येते. मी मोठ्या साहेबांच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या पिढीला हात घालणार तोच मुक्ता म्हणाली, "आई, मी व्हॉट्सॲपवर यादी पाठवते. अकोल्यात बाजारात जाऊन शोधाले मले सुटी नाही. कसं हेल्मेट पाहिजे ते सगळं लिहिलं आहे. बाबांना सांग, तसंच्या तसं आणा. बाबांना. तू जाऊ नको."

"काहून?"

"सहज."

त्या 'सहज'पायी मी दहा मिनिटांत चपला घालून दारात उभी!

दुकान बाजारातलं, हार्डवेअरचं, जुनं. मालक साठीचा, चष्मा कपाळावर, स्वभावानं बापडा. त्यानं आधी एक पिवळं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं.

"हे कोनाचं?"

"डोक्शाचं, काकू."

"थट्टा करून राहिले का? पिवळं मजुराचं असते. माझी पोट्टी इंजिनिअर आहे!"

"काकू, रंगानं डोक्स वाचत नाई," तो म्हणाला. पण मुकाट्यानं पांढरं काढलं. मागे एक चकती होती. ती फिरवली की आतला पट्टा आवळला जायचा. मी हेल्मेट हातात घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. श्रीखंडाचा रिकामा डबा याच्यापेक्षा जड!

"हे? हे डोकं वाचवणार? हे तर वाऱ्यानं उडून जाईन!"

"हलकंच पायजे काकू. दिवसभर वागवा लागते."

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. माठ घ्यायचा तर वाजवून घ्यायचा. नारळ घ्यायचा तर वाजवून घ्यायचा. टरबूज घ्यायचं तर वाजवून घ्यायचं. नवरा तेवढा मी न वाजवता घेतला. (आणि त्याचे परिणाम शेजारी मोबाइलमधली यादी वाचत उभे होते.) मी बोटाच्या पेरानं हेल्मेट वाजवलं. थप्प! दुसरं वाजवलं. थप्प! तिसरं, चौथं, सातवं. थप्प, थप्प, थप्प! एकाचाही आवाज धड नाही. दुकानातली गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून माझ्याभोवती जमली. अकरा हेल्मेटं वाजवून झाल्यावर मी कडाडले, "फुटके माठ विकून राहिले काय?"

"काकू, तुमाले ठनठन वाजनारंच पायजे का?"

"हाव!"

तो बिचारा शिडी लावून माळ्यावर चढला. धुळीनं माखलेलं, विटक्या लाल रंगाचं एक हेल्मेट घेऊन उतरला. "हा लय जुना माल हाय. मी विकत नाई, तुमी वाजवाले मांगितलं म्हून दाखवून राहिलो."

मी वाजवलं. ठण्ण! अहाहा! हातात घेतलं तर मनगट खाली गेलं. याला म्हणतात वस्तू!

हे हळूच म्हणाले, "अगं, यादीत लिहिलंय, नवीन तारखेचं पाहून घ्या."

"तुम्ही गप बसा. तारीख दुधाच्या पिशवीले असते. हेल्मेट काय नासते?"

"नासते काकू," दुकानदार म्हणाला.

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग हात जोडून म्हणाला, "न्या. पैसे नोका देऊ. फक्त कोनाले आमच्या दुकानाचं नाव नोका सांगू!" हा त्यानं माझ्या पारखीला केलेला नमस्कार आहे, असं मी समजले. दुकानाचं नाव मी आजही सांगत नाही.

घरी आल्यावर मी ते हेल्मेट उलटं करून पाहिलं, आणि पुन्हा भडका उडाला. आत पट्ट्यांचं एक जाळं. डोकं त्या जाळ्यात बसणार, आणि जाळ्याच्या वर टोपीपर्यंत दोन-तीन बोटं जागा रिकामी! पोकळ!

"पाहा! पाहा या लोकाईची लबाडी! आत काहीच भरलं नाही! माल खाल्ला यांनी!"

"ते तसंच असते," हे म्हणाले. "यादीत चौथ्या नंबरवर आहे, आत काही घालू नये."

"यादी कोनं लिहिली?"

"मुक्तानं."

"मुक्ताले लिहाले कोनं शिकवलं?"

ह्यांनी मोबाइल खिशात ठेवला. चांगला माणूस आहे. वाद वाढवत नाही.

आमच्या दिरांची शेती आहे. दरवर्षी घरच्या कापसाचं एक गाठोडं आमच्याकडे येतं, गाद्या-उशांसाठी. मी ते सोडलं. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात कापूस भरून अशी सुरेख गादी शिवली, की त्या रिकाम्या जागेत ठासून बसली. बोट जाईना! गादीला आतून एक कप्पा शिवला, कांद्यासाठी. अकोल्याचं ऊन मी ओळखून आहे. अमरावतीचं ऊन माणसाला भाजतं, अकोल्याचं तळतं. उन्हात जाताना कांदा जवळ पाहिजे म्हणजे पाहिजे. इंजिनिअर झाली म्हणून काय ऊन लागत नाही?

मग लक्षात आलं, की कापसानं गरम होईल. म्हणजे हवा पाहिजे. म्हणजे भोकं पाहिजेत. ह्यांनी एकदा एक फोटो टांगायला ड्रिल मशीन आणलं होतं. (फोटो अजून कपाटावर आहे.) ते काढायला लावलं.

"अगं, हेल्मेटला भोकं पाडतात का?"

"कानाले पाडतात, नाकाले पाडतात, हेल्मेटले काय झालं?"

ह्यांनी सोळा भोकं पाडली. रांगेनं, सारख्या अंतरावर. जन्मात पहिल्यांदा ह्यांच्या हातून इतकं नीटस काम झालं, आणि तेही नेमकं तेव्हा!

राहिला रंग. खिडक्यांचा पांढरा ऑइलपेंट उरला होता. त्याचे दोन हात मारले आणि समोर लाल अक्षरात लिहिलं, 'इंजि. मुक्ता'. रविवारी दिवसभर गच्चीवर वाळवलं. संध्याकाळी ह्यांच्या डोक्यावर ठेवून पाहिलं.

"बसलं का?"

"बसलं," हे खोल आवाजात म्हणाले. "मान पण बसली."

नाकापेक्षा मोती जड, असं म्हणणाऱ्यांना मोत्याची किंमत नसते. मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. हेल्मेट वर ठेवावं तर खिडकीतून उडेल, खाली ठेवावं तर कोणी पाय देईल. म्हणून मी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरलं. कंडक्टर म्हणाला, "काकू, माठ घेऊन चालल्या का?" त्याला मी मूर्तिजापूर येईपर्यंत सोडला नाही. मूर्तिजापूरला हे खाली उतरून एक टरबूज घेऊन आले. मुक्ताला आवडतं म्हणून. मी तेही वाजवून घेतलं. छान होतं.

अकोल्याला उतरल्यावर वर्तमानपत्र काढायला गेले तर निघेना! उन्हानं रंग पाघळला होता. ओढून काढलं तेव्हा सगळं निघालं, फक्त एक तुकडा नेमका नावाच्या खाली चिकटून बसला. नखानं खरवडलं, थुंकी लावली, हलेना. तुकडा होता विवाहविषयक जाहिरातींचा. 'इंजि. मुक्ता' आणि त्याच्याखाली, 'वधू पाहिजे. गोरी, शांत, गृहकृत्यदक्ष.' माझा संताप संताप झाला!

"राहू दे," हे म्हणाले. "वरून कोणी वाचत नाही."

साइटच्या फाटकावर चौकीदारानं अडवलं. "माय, हेल्मेटबिगर आत जाता येत नाई." ह्यांना बाहेर ठेवलं. मी पदर खोचला, लेकीचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि आत गेले. मान खांद्यात गेली, तरी ताठच चालले.

समोरून मुक्ता धावत आली. तोंड असं झालेलं, की जणू वीज पडली. "आई! तू काहून आली? अन् हे... हे काय आहे?"

"हेल्मेट आहे. घाल अन् जा वर."

तिच्यामागून सेफ्टीचे साहेब आले. अचलपूरचा माणूस, सडपातळ, आवाज अगदी मऊ. (अशा माणसांचा मला जास्त राग येतो. भांडता येत नाही.) "नमस्कार मावशी, जरा पाहू का?" म्हणून त्यांनी ते माझ्या डोक्यावरून दोन्ही हातांनी उचललं. आजूबाजूला माणसं जमली. काँक्रीटचा पंप दहाला येणार होता, तोवर सगळे मोकळेच. मोठे साहेबही हातात चहा घेऊन आले. गोल चेहरा, डोक्यावर त्यांचं स्वतःचं पांढरंशुभ्र हेल्मेट.

सेफ्टीच्या साहेबांनी आधी 'गोरी, शांत, गृहकृत्यदक्ष' वाचलं. मग उलटं करून आतला शिक्का पाहिला. "मावशी, हे बनलं तवा मी बारावीत होतो."

"जुनं ते सोनं असते."

"प्लास्टिक नसते, मावशी. ते आतून कुजते." मग त्यांनी भोकं मोजली. सोळा. रंगावर नख ओढून पाहिलं. "ऑइलपेंटानं आनखी कमजोर होते." मग आत हात घातला आणि गादी ओढली. शिवण उसवली. कापूस निघाला, आणखी निघाला, निघतच राहिला. शेवटी कप्प्यातून कांदा टुपकन पडला आणि घरंगळत मोठ्या साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला.

जो हशा पिकला, तो मी जन्मात विसरणार नाही. सगळे हसले. मुक्ता तेवढी खाली मान घालून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, मी आधीच म्हटलं होतं. तुम्ही आपल्या ऑफिसातच बसा." आणि चहा पीत निघून गेले.

म्हणजे माझ्या लेकीला मीच खाली बसवलं! त्यांनी तरी महिनाभर म्हटलं होतं, मी दोन मिनिटांत कायमचं करून दाखवलं. इतका राग आला, की दिसेनासं झालं. आणि आपला राग आपल्यावर काढण्याची मला सवय नाही.

"हसता काय?" मी ओरडले. "रूप पाहू नका, काम पाहा! मजबूत आहे माझं हेल्मेट! घाला त्याच्यावर घण!"

"आई, पुरे ना गं," मुक्ता पुटपुटली.

"घण नको मावशी," सेफ्टीचे साहेब म्हणाले. "पन दाखवतो. सगळ्याईनंच पाहावं. फक्त आत ठेवाले डोक्शासारखं काही पायजे."

मी फाटकाकडे पाहिलं. हे बाहेर टरबूज पोटाशी धरून उभे होते. माझी नजर पाहताच त्यांनी ते आणखी घट्ट धरलं. "हे मुक्तासाठी आहे!" ते म्हणाले. बत्तीस वर्षांच्या संसारात हा त्यांचा पहिला विरोध. चौकीदारानं टरबूज काढून घेतलं.

रेतीच्या ढिगावर टरबूज ठेवलं. साहेबांनी कापूस पुन्हा होता तसा आत ठासला, हेल्मेट वरून घातलं, भोवती दोरी धरून सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्वतः परांचीवर चढून पहिल्या मजल्यावरून एक मोठा पाना सोडला.

ठण्ण!

काय आवाज आला! मी कौतुकानं सगळ्यांकडे पाहिलंसुद्धा. मग साहेब खाली आले आणि त्यांनी हेल्मेट उचललं. ते दोन हातांत दोन तुकडे होऊन आलं. भोकांच्या रांगेनं फाटलं होतं, पोस्टाचं तिकीट फाटतं तसं. आणि खाली टरबूज उभं चिरलं होतं. लाल पाणी माझ्या त्या पांढऱ्या कापसात हळूहळू पसरत होतं.

आता कोणीच हसलं नाही.

"मधातली ती दोन-तीन बोटं जागाच डोकं वाचवते, मावशी," ते मऊ आवाजात म्हणाले. "मार बसला की पट्टे तानतात, धक्का तठीच जिरते. तुमी जागा भरली, तर धक्का सरळ आत गेला."

ते टरबूज मुक्ताच्या डोक्याएवढं होतं. मी त्याच्याकडे पाहू शकत नव्हते आणि दुसरीकडेही पाहू शकत नव्हते. ही गादी मी स्वतः शिवली होती, बारीक टाके घालून, की टोचू नये. मला रडू आलं. मुक्तानं येऊन माझा हात धरला, तेव्हा तर फारच आलं. आणि रडू आलं, की मला राग येतो.

"मंग माझ्या पोट्टीले बसनारं हेल्मेट तुमीच काहून देत नाई?" मी डोळे पुसत विचारलं. "एवढ्या मोठ्या कंपनीत एकबी नाही?"

साहेबांनी स्टोअरच्या कपाटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हायेत आठ. नवीन. मागे चकतीवाले, कोनालेबी बसतात. मी तीनदा मांगितले. पन ते पाहुन्याईचे हायेत."

"कोनत्या पाहुन्याईचे?"

"मोठे लोक पाहाले आले तर. भूमिपूजनाले आले होते."

"त्यानंतर?"

"नाई आले."

तेवढ्यात माझं लक्ष घमेली घेऊन उभ्या असलेल्या सात बायांकडे गेलं. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं, आणि प्रत्येकीच्या हेल्मेटातून चिंध्या बाहेर आलेल्या.

"हे काय भरलं गं बाई?"

"चिंधी हाय माय," एक जण म्हणाली. "मोठं होते ना, डोयावर येते. म्हून सगळ्या जनी भरतो." आणि बोलता बोलता तिनं त्या फुटलेल्या टरबुजाकडे पाहिलं. सातही जणींनी पाहिलं.

मग जो आवाज माझ्या तोंडून निघाला, तो मी शाळेत फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी काढत असे. मोठे साहेब ऑफिसातून बाहेर आले. कबुतरंही उडाली.

"पाहुन्याचं डोकं ते डोकं, अन् कामावरच्या बाईचं डोकं काय टरबूज आहे का?"

"बाई, तुम्ही कोण?"

"मी या पोट्टीची माय! अमरावतीवरून आली! म्हंजे मी पाहुनी! पाहुन्याईचे हेल्मेट हायेत ना? काढा! मले आठ पायजेत!"

"तुम्ही एकट्या आहात."

"माझं डोकं लय मोठं आहे!"

मोठ्या साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टरबुजाकडे, एकदा जमलेल्या माणसांकडे. सेफ्टीच्या साहेबांनी तोवर कपाटाला किल्ली लावलीसुद्धा होती. आठही पांढरी. "रंगाचं नंतर पाहू," ते म्हणाले. पहिलं मुक्ताच्या डोक्यावर. कर्र, कर्र, मागची चकती फिरवली. "वाका मॅडम." ती वाकली. "वर पाहा." तिनं वर पाहिलं. "मान हलवा." हललं नाही! मग राहिलेली सात त्या सात बायांना. जुन्यांमधल्या चिंध्यांचा ढीग झाला. खाली पंपाची गाडी आली होती. मुक्ता परांचीच्या जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर थांबून तिनं मागे पाहिलं, मग चढली.

मी डोळे भरून पाहत होते, तर चौकीदार जवळ आला. "माय, हेल्मेटबिगर आत थांबता येत नाई."

आठही वाटून झाली होती. माझं स्वतःचं दोन तुकडे होऊन पडलेलं. ज्या कंपनीला मी नियम शिकवले, तिनं मला तासाभरात नियमानं बाहेर काढलं! फाटकासमोर लिंबाचं झाड होतं, तिथे हे उरलेलं टरबूज घेऊन बसले होते. "चांगलं निघालं," म्हणाले.

तिथून स्लॅब दिसत होता, पण माणसं दिसत नव्हती. दिसत होती ती नुसती हेल्मेटं. पण आईला काय सांगावं लागतं? अगदी पुढच्या कडेला एक पांढरं हेल्मेट हात हलवून सगळ्यांना कामाला लावत होतं. तो हात, तो तोरा, ती कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची ढब. अगदी माझी! मी उभी राहिले आणि हाक मारली, "पाणी पी! ऊन लय आहे! पाणी पी!"

हेल्मेट थांबलं. खाली पाहिलं. बाटली उचलली आणि पाणी प्यायलं.

"पाहा," मी ह्यांना म्हटलं, "कशी ऐकते!"

मग मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही. दर थोड्या वेळानं ओरडायची, "पाणी पी!" आणि तिकडे बाटली वर जायची. मधूनमधून धीरही द्यायची. "कोनाले भेऊ नको! त्या मोठ्या साहेबाले तर बिलकूल भेऊ नको! तोंड पाहा त्याचं, भरताच्या वांग्यासारखं आहे!" त्यावर ते हेल्मेट बराच वेळ स्तब्ध उभं राहिलं. लेकीचा ऊर भरून आला असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी मुक्ता खाली आली. सिमेंटनं माखलेली, घसा बसलेला, चेहरा उन्हानं रापलेला, आणि अशी हसत होती, की मला तिची लहानपणची आठवण झाली.

"आई, मी दिवसभर मागच्या बाजूला होती. पंपाजवळ. तुले दिसलीच नसेल."

"मंग पुढे कोन होतं?"

"मोठे साहेब."

हे टरबुजाची साल हातात धरून लांब पाहायला लागले. मी शांतपणे (होय, शांतपणे!) विचारलं, "वांग्याचं ऐकलं का त्यानं?"

"सगळ्यांनी ऐकलं. अन् आई, तू चौदा वेळा पाणी पी म्हणाली. ते चौदा वेळा प्यायले. दुपारपासून त्यांना खाली यायचं होतं गं, पण जिना फाटकासमोर उतरतो अन् तू तिथं उभी!"